वाणिज्य खात्याचा नवा प्रमुख आणि खान्देशचा कापूस, कांदा, केळी

२०२३ च्या डिसेंबरचा पहिला आठवडा आठवा. ७ आणि ८ तारखेच्या दरम्यान दिल्लीतून दोन निर्णय निघाले. एकाने कांद्याची निर्यात बंद झाली. दुसऱ्याने पिवळा वाटाणा शुल्काविना आयात करायला मोकळीक मिळाली. साक्री तालुक्यात कांदा काढणीला आलेला शेतकरी सकाळी उठला तेव्हा आदल्या संध्याकाळचा भाव राहिला नव्हता. नवापूर, शिरपूरकडच्या तूर उत्पादकाला दुसऱ्या निर्णयाचा चटका लगेच बसला नाही, तो पुढच्या दोन हंगामांत बसला. परदेशातून स्वस्त वाटाणा येत राहिला आणि २०२५ मध्ये तुरीचे बाजारभाव हमीभावाखाली गेले. वाटाणा हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण मोठं कारण होतं.

आपल्याकडे अशा वेळी सगळे ‘सरकार’ म्हणून मोकळे होतात. पण सरकार म्हणजे नेमकं कोण? कांदा निर्यातबंदीच्या कागदावर सही होती विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएफटीची. हे कार्यालय केंद्रीय वाणिज्य विभागाच्या अखत्यारीत येतं. त्या विभागाचा सर्वोच्च अधिकारी म्हणजे वाणिज्य सचिव. त्यांच्या वर वाणिज्य व उद्योग मंत्री. या विभागाला नवा प्रमुख मिळाला की वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. खान्देशात ती फारशी कुणी वाचत नाही. ती वाचायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख. त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातात काय असतं, काय नसतं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाने त्याच्याकडे काय मागावं, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

हातात काय, बाहेर काय

वाणिज्य व उद्योग मंत्रालयात दोन विभाग आहेत. एक वाणिज्य विभाग, तो परदेशी व्यापार पाहतो. दुसरा उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभाग. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन या दुसऱ्या विभागाखालच्या यंत्रणेतून आलं. आपला विषय पहिल्या विभागाचा.

वाणिज्य विभागाखाली बरीच कार्यालयं आहेत. शेतमालाच्या निर्यातीसाठी अपेडा, मसाल्यांसाठी स्पाइसेस बोर्ड (नंदुरबारच्या मिरचीशी याचा थेट संबंध), परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर विमा देणारी ईसीजीसी, आणि परदेशी माल तोट्यात आणून इथे ओतला जातोय का याची चौकशी करणारं डीजीटीआर. आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, ज्याला सगळे आयईसी म्हणतात, तो डीजीएफटी देतं. फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन.

आता बाहेर काय आहे ते पाहा. आयात शुल्क किती असावं हे अर्थ मंत्रालय ठरवतं. डीजीटीआर चौकशी करून शिफारस करतं, शुल्क लावायचं की नाही हे पुन्हा अर्थ मंत्रालयच ठरवतं. सीमाशुल्क खातं त्यांचंच. कापसाची सरकारी खरेदी करणारं कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, वस्त्रोद्योग मंत्रालयाचं. परदेशी पाठवायच्या फळाला रोगमुक्ततेचा दाखला कृषी मंत्रालयाची यंत्रणा देते. कांदा आणि डाळ महाग झाली की घाबरतं ग्राहक व्यवहार खातं, आणि निर्यातबंदीचा आग्रह बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. रस्ते, रेल्वे, बंदरं वेगळ्याच मंत्रालयांची. बाजार समित्या राज्याच्या.

म्हणजे निर्यात वाढली नाही तर उत्तर द्यायचं वाणिज्य सचिवांनी, पण निर्यात ज्या गोष्टींवर वाढते त्यातल्या निम्म्याअधिक दुसऱ्यांच्या हातात. या पदाची खरी अडचण इथे आहे. इथला प्रमुख किती हुशार आहे यापेक्षा तो दुसऱ्या खात्यांकडून किती कामं करून घेऊ शकतो, यावर त्याचं यश ठरतं. आणि एखादा चुकीचा निर्णय होत असेल तर मंत्रिगटाच्या बैठकीत ‘थांबा, याने शेतकऱ्याचा ग्राहक कायमचा जाईल’ असं म्हणायची त्याची तयारी आहे का, यावरही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून राजेश अग्रवाल वाणिज्य सचिव झाले, सुनील बर्थवाल यांच्या निवृत्तीनंतर. त्याआधी अमेरिकेबरोबरच्या व्यापार बोलण्यांत भारतीय बाजूचे मुख्य वाटाघाटीकार तेच होते. नेमणुकीतूनच कळतं की दिल्लीला त्या वेळी कशाची चिंता सर्वांत जास्त होती.

मोठे आकडे

२०२४-२५ मध्ये भारताची एकूण निर्यात सुमारे ८२५ अब्ज डॉलरची झाली. त्यात वस्तू ४३७ अब्जांच्या आसपास आणि सेवा ३८७ अब्जांच्या आसपास. २०२३ च्या विदेश व्यापार धोरणाने २०३० पर्यंत दोन लाख कोटी डॉलरचं लक्ष्य ठेवलंय. म्हणजे पाच वर्षांत दुपटीहून जास्त. सेवांची निर्यात जोरात आहे, पण ती मुख्यतः सॉफ्टवेअर आणि कार्यालयीन कामाची. खान्देशच्या वाट्याला त्यातून येतात ती पुण्याला गेलेली आपली मुलं.

वस्तूंच्या बाजूने मोठी तूट आहे. त्याच वर्षी वस्तूंची आयात ७२० अब्ज डॉलरची होती. एकट्या चीनबरोबरची तूट ९९ अब्जांची. सोन्याची आयात ५८ अब्जांच्या घरात. जळगावच्या सराफ बाजारात उभ्या असलेल्या माणसाला हा शेवटचा आकडा चांगला समजेल. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं तेव्हा दुकानांत गर्दी उसळली होती. शुल्क कमी केलं अर्थमंत्र्यांनी, पण त्यामुळे फुगलेल्या आयातीचे आकडे दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास पत्रकारांना समजावून सांगावे लागतात वाणिज्य सचिवांना.

मग आली अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि महिनाअखेरीस रशियन तेलाचं कारण देऊन आणखी २५ टक्के जादा शुल्क लावलं. पुढे बोलणी चालत राहिली, आकडे बदलत राहिले. पण ५० टक्क्यांचा तो काळ तयार कपडे, कोळंबी, दागिने, गालिचे यांच्या निर्यातदारांना जो धडा देऊन गेला तो पुसला जाणार नाही: एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहणं महागात पडतं.

त्यातूनच करारांची घाई वाढली. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाबरोबरचा त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून. स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांच्या गटाबरोबरचा ऑक्टोबर २०२५ पासून. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. युरोपीय संघाबरोबरची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये अडली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

करार झाला म्हणजे काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण यात लोकांची फसगत होते. करारामुळे समोरच्या देशाच्या दारावरचं शुल्क कमी होतं किंवा जातं. त्या देशाचे नियम जात नाहीत. फळावर कुठल्या औषधाचा किती अंश चालेल, कुठली कीड चालणार नाही, पेटीवर काय छापायचं, हे सगळं जिथल्या तिथे राहतं. शिवाय सवलत आपोआप मिळत नाही. माल इथलाच आहे असं सांगणारं मूळ देशाचं प्रमाणपत्र प्रत्येक खेपेबरोबर लागतं. मोठ्या कंपन्या त्यासाठी माणूस ठेवतात. यावलच्या शेतकरी उत्पादक कंपनीने काय करायचं? नव्या प्रमुखाने पाच नव्या करारांच्या आधी झालेल्या पाच करारांचा लाभ तालुक्यातल्या माणसाला घेता येतोय का, हे पाहिलं पाहिजे. समारंभ सहीचा होतो, वापराचा होत नाही, त्यामुळे हे काम मागे पडतं.

कापसाचा हिशेब

खान्देशी माणसाला वाणिज्य धोरण समजवायचं तर कापसाइतकं चांगलं उदाहरण नाही.

२०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर शुल्क आलं, सगळं मिळून ११ टक्के. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठवलं. नंतर पुन्हा लागलं. मग १९ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. आता तारखा बघा. आपल्याकडे वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते आणि दिवाळीनंतर घराघरांत कापूस साचतो. नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरचा कापूस शुल्काविना येत होता.

याचा शेतकऱ्याच्या भावावर किती परिणाम होतो? जिनिंगमध्ये बसणाऱ्या कुणालाही हा हिशेब तोंडपाठ असतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६३ किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा बाहेरची खंडी बंदरावर ५० हजार रुपयांना पडते. ११ टक्के शुल्क धरलं तर ती ५५,५०० ला पडेल. शुल्क काढलं की पुन्हा ५० हजार. मधला फरक खंडीमागे ५,५०० रुपये. ३५६ ने भागा आणि ३४ ने गुणा: क्विंटलमागे जवळजवळ ५२५ रुपये. हा सगळा फरक शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो असं नाही. सरकीचा भाव, कापसाची प्रत, ओलावा, सीसीआयची खरेदी चालू आहे की नाही, हेही मध्ये येतं. पण गिरणीला बाहेरचा माल ५० हजाराला मिळत असेल तर ती इथल्या जिनिंगला ५५ हजार का देईल? आणि जिनिंगवाला खेड्यावरच्या खरेदीत कुठून देईल?

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे, मध्यम धाग्याचा ७,७१०. बाजार त्याखाली गेला की सीसीआयच्या केंद्रावर ट्रॅक्टरची रांग लागते. ओलावा जास्त निघाला तर माल परत फिरतो. परत फिरलेला माल व्यापारी कोणत्या भावाने घेतो, ते धरणगाव, चोपडा, अमळनेरच्या लोकांना सांगायला नको.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेने ५० टक्के लावल्यावर तिरुपूरच्या कपडे उद्योगाची ऑर्डर धोक्यात आली. बांगलादेश, व्हिएतनाम यांना जगाच्या भावाने कापूस मिळतो. आपल्या सूतगिरणीला तो महाग पडला तर कपडा विकला जाणार नाही, गिरणी बंद पडेल, आणि मग आपला कापूस घेणार कोण? शिरपूर, नवापूरकडच्या कापड उद्योगात आपल्याच भागातली हजारो माणसं कामाला आहेत. त्यांचंही पोट त्याच धाग्यावर आहे.

हा पेच कुठल्याही नव्या प्रमुखाला सुटणार नाही, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण वेळ निवडणं शक्य असतं. शुल्क उठवायचंच असेल तर शेतकऱ्याच्या घरातला माल निघून गेल्यावर, मे ते ऑगस्टमध्ये उठवता येतं. तेव्हा गिरण्यांनाही टंचाई असते. पेरणीच्या आधी, जूनमध्येच, पुढच्या वर्षीचं शुल्क काय राहील ते जाहीर करता येतं. म्हणजे कापूस लावायचा की मका, हे शेतकरी डोळे उघडे ठेवून ठरवेल. वाणिज्य विभागाने अर्थ मंत्रालयाकडे एवढा एक आग्रह धरला तरी खान्देश त्याचे उपकार मानेल.

डाळीची गोष्ट याच जातीची. जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलना बाहेरचा कच्चा माल लागतो, शेतकऱ्याला तो नको असतो. पिवळ्या वाटाण्यावर अखेर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क आलं, जवळपास दोन वर्षांनी. जळगावच्या चटई आणि पाइप कारखान्यांचं उलटं. त्यांचा कच्चा माल म्हणजे प्लास्टिकचा दाणा. दाणा बनवणाऱ्या मोजक्या मोठ्या कंपन्या सरकारकडे आयातीला आळा मागतात, आणि दाणा वापरणारे शेकडो लहान कारखाने म्हणतात की आळा घातलात तर आम्ही मेलो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने प्लास्टिक आणि पॉलिस्टरच्या अनेक कच्च्या मालांवरची गुणवत्ता नियंत्रणाची सक्ती मागे घेतली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. मोठ्यांचा आवाज दिल्लीत आपोआप पोचतो, लहानांचा पोचवावा लागतो.

केळी: पिकवतो आपण, पाठवतो दुसरा

आता सर्वांत जिव्हाळ्याचा विषय. जगातली सर्वांत जास्त केळी भारतात पिकते, जवळजवळ चौथा हिस्सा. आणि भारतात केळी म्हटलं की रावेर, यावल, सावदा, फैजपूर, चोपडा. पण जगाच्या केळी व्यापारात भारताचा वाटा अगदी किरकोळ आहे. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की महाराष्ट्रातून होणाऱ्या निर्यातीत सोलापूर जिल्हा आपल्यापुढे आहे. टेंभुर्णी, करमाळा, कंदर हा पट्टा आपल्यानंतर केळीत आला आणि निर्यातीत पुढे गेला.

का? निर्यातीची केळी आणि दिल्लीच्या बाजाराची केळी यांत फरक बागेतच पडतो. निर्यातीसाठी घड निसवल्यापासून त्याला जपावं लागतं. फुलं वेळेवर काढायची, खालच्या फण्या कमी करायच्या, घडाला पिशवी घालायची, पान घासणार नाही असं बांधायचं. कापताना घड जमिनीवर टेकवायचा नाही. पॅकहाउसमध्ये फण्या सुट्या करतात, तुरटीच्या पाण्यातून काढतात म्हणजे चीक धुतला जातो, केळाची जाडी मापकाने मोजतात, डाग असलेली फणी बाजूला काढतात, आणि साधारण १३ किलोची पेटी भरतात. पेट्या लगेच थंड कराव्या लागतात. मग १३ ते १४ अंशांवर ठेवलेला कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे निघतो. रावेरहून ते अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात आहे. तापमान १३ च्या खाली घसरलं तर साल काळवंडते, वर चढलं तर वाटेतच केळी पिकते. दोन्ही वेळी माल दुबईत उतरवून घेणारा भाव पाडतो किंवा उचलतच नाही.

आपल्याकडे अनेक वर्षं माल रेल्वेने आणि ट्रकने उत्तरेला गेला, अख्खे घड केळीच्या पानांत रचून. भाव मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर बाजाराचा फळा पाहून ठरायचा, अजूनही बराच तिथेच ठरतो. त्या व्यवस्थेत डागाची केळी आणि बिनडागाची केळी यांच्या भावात फारसा फरक नव्हता, मग पिशवी घालायचा खर्च कोण करणार? शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्या बाजाराने निगराणीचे पैसे दिले नाहीत, त्या बाजारासाठी निगराणी झाली नाही. गेल्या काही वर्षांत चित्र बदलतंय. टिशू कल्चर रोपं, ठिबक, घडाची निगा हे सगळं तापीकाठी आलंय, खरेदीदार थेट बागेत येतात. पण शीतगृहं आणि पूर्वशीतकरणाची सोय मालाच्या मानाने फार कमी.

इथे नव्या प्रमुखाची कामं अगदी ठोस आहेत. आपली केळी जाते मुख्यतः इराण, इराक, अमिराती, ओमान, सौदी अरेबियात. इराणवर अमेरिकेचे निर्बंध असल्याने पैशाची वाट वाकडी आहे. ग्राहक आहे, माल आहे, पण पैसे कधी येतील याची खात्री नाही. हे निर्यातदाराचं दुखणं आहे असं वाटेल, पण त्याचे पैसे अडकले की तो दुसऱ्या दिवशी बागेतली कापणी थांबवतो, आणि केळी काही थांबत नाही. विमा, बँक, रुपयात व्यवहार यांतून वाट काढणं हे दिल्लीतूनच होऊ शकतं.

दुसरं, नवे बाजार. २०२४ च्या सुरुवातीला रशियाने एक्वाडोरशी झालेल्या वादानंतर भारताकडून केळी घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपेडाच्या पुढाकाराने बारामतीहून एक कंटेनर समुद्रमार्गे नेदरलँड्सला गेला. युरोपपर्यंतच्या प्रवासात केळी टिकवणं हे एक शास्त्र आहे: कोणत्या पक्वतेला कापायची, कंटेनरमधली हवा कशी ठेवायची. असा प्रयोग तापीकाठच्या मालावर, तापीकाठच्या उन्हाळ्यात करून पाहायला हवा. बारामतीचं उत्तर ४५ अंशांच्या जळगावला जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

तिसरं, विश्वास. २०१० मध्ये नाशिककडच्या द्राक्षांत एका वाढरोधक रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपने कंटेनर अडवले. शेतकरी देशोधडीला लागले. पण द्राक्षाकडे तेव्हाही ग्रेपनेट होतं, अपेडाने उभी केलेली नोंदव्यवस्था. प्रत्येक बागेची नोंद, प्रयोगशाळेची तपासणी, पेटीवरून बागेपर्यंत मागोवा. त्यामुळे दोष शोधता आला, तपासणीच्या यादीत ते रसायन घालता आलं, आणि बाजार परत मिळाला. केळीला तितकीच घट्ट साखळी आणि जिल्ह्यातच मान्यताप्राप्त प्रयोगशाळा हवी. एका बागेच्या चुकीने सगळ्या खान्देशची केळी परत येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

नंदुरबारच्या मिरचीलाही हेच लागू. पथारीवर उघड्यावर वाळणाऱ्या मिरचीला अवकाळी पावसाचा एक फटका बसला की बुरशी, आणि बुरशी म्हणजे अफ्लाटॉक्सिन हे विष, ज्याला युरोप क्षमा करत नाही. स्पाइसेस बोर्डाने इथे वाळवणीची चांगली व्यवस्था उभी केली तर त्याचा उपयोग दहा परिसंवादांपेक्षा जास्त होईल.

पैसा, आणि पूर्वसूचना

लहान निर्यातदाराची एक अडचण कमी बोलली जाते. कंटेनर भरला त्या दिवशी शेतकऱ्याला, मजुराला, वाहतूकदाराला पैसे द्यायचे, आणि परदेशी पैसे येणार महिना-दोन महिन्यांनी. मधल्या काळाचं कर्ज महाग. त्यावर व्याजसवलत देणारी केंद्राची योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत २५,०६० कोटी रुपयांचं. अशी अभियानं मुंबई, सुरत, लुधियाना इथल्या जाणकारांपर्यंत लवकर पोचतात. पॅकहाउस चालवणाऱ्या फैजपूरच्या तरुणाला आपल्या बँकेच्या शाखेत गेल्यावर ‘असं काही परिपत्रक आलं नाही’ हे ऐकावं लागू नये, याची जबाबदारी विभागाने घ्यावी. प्रत्येक जिल्हा निर्यात केंद्र बनवायचं असं केंद्राने ठरवलंय, जिल्हास्तरावर समित्याही आहेत. त्यांच्या बैठकीत बागायतदार बसतो का, की फक्त अधिकारी?

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहिलं ती मागणी. भाव कमी-जास्त होतो हे शेतकरी जन्मापासून बघत आलाय. त्याला मोडतो तो एका रात्रीत बदललेला नियम. कांद्याचं बघा. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क, सप्टेंबरमध्ये किमान किंमत काढून शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. सोळा महिन्यांत चार वेळा. या काळात आखाती आणि आशियाई देशांतल्या खरेदीदारांनी दुसरीकडून कांदा घ्यायची सवय लावून घेतली. ग्राहक एकदा तुटला की शुल्क शून्य करूनही परत येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये विदेश व्यापार धोरणात एक चांगली तरतूद आली: धोरण बदलण्याआधी संबंधितांचं म्हणणं मागवायचं. मात्र तातडीच्या प्रसंगी सरकारला त्यातून सुटका ठेवली आहे. शेतमालाच्या बाबतीत प्रत्येक प्रसंग तातडीचाच ठरवला जातो, त्यामुळे ही सुटकाच नियम होऊन बसेल अशी मला भीती आहे. नव्या प्रमुखाने निदान इतकं पाळावं: नाशवंत मालावर निर्बंध आणायचाच असेल तर ठरावीक दिवसांची आगाऊ सूचना, आणि बंदराकडे निघालेल्या, सौदा झालेल्या मालाला सरसकट सूट. अधिसूचना मराठीतही त्याच दिवशी निघावी. बाजार समितीत ती व्यापाऱ्याच्या मोबाइलवर आधी आणि शेतकऱ्याला संध्याकाळी कळते, तोपर्यंत त्याच्या ट्रॅक्टरमधला माल विकला गेलेला असतो.

पूर्वसूचना फक्त निर्बंधांची लागते असं नाही, मागणीचीही लागते. आखाती देशांतली केळीची मागणी रमजानमध्ये उसळते. चांद्र पंचांगामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०२३ मध्ये तो मार्चच्या उत्तरार्धात सुरू झाला होता, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यानंतर. २०२८ पर्यंत तो जानेवारीत येईल आणि २०३० मध्ये वर्षात दोनदा, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे सर्वांत मोठी मागणी आपल्या ऐन थंडीत सरकत चालली आहे. तेव्हा बागेत असतो कांदेबागेचा, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचा माल, थंडीत घड भरायला वेळ लागतो आणि चरका, म्हणजे थंडीचा फटका बसला तर साल बिघडते. लागवडीची तारीख पुढे-मागे करायची की घडाला जास्तीचं आवरण द्यायचं, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला वर्ष-दीड वर्ष आधी ठरवावं लागेल, कारण केळीला तेवढा काळ लागतोच. कोणत्या देशाला कोणत्या आठवड्यात किती माल लागेल याचा अंदाज अपेडा आणि दूतावासांतले व्यापार अधिकारी देऊ शकतात. तो दरवर्षी मृगाआधी जळगावला पोचला पाहिजे.